मामाचं नाक, माझी जीभ

ज्या माणसाला मी दारूबंदीच्या सभेचा अध्यक्ष करायला निघालो होतो, त्याच्याच ज्वारीच्या पेवातून दारूच्या बाटल्या निघाल्या. हे आधीच सांगून टाकतो. गोष्ट लांबवत न्यायची आणि शेवटी वाचणाऱ्याला धक्का द्यायचा, हे मला जमत नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत लागतो, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याला पोलीस दिसतो आणि कागद खिशात जातो.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. आम्ही चार-पाच पोरं वसमत तालुक्यात गावोगाव दारूबंदीचा प्रचार करत हिंडत होतो. निजाम सरकारच्या राज्यात शिंदी आणि मोहाची दारू विकायचा मक्ता गुत्तेदाराकडे. त्याच्या दुकानापुढे माणसं लोळायची, बायका घागरी गहाण टाकायच्या, आणि सरकार म्हणायचं, आमची तिजोरी भरते. याविरुद्ध बोलायचं तर सभेला इजाजत लागे. ती मिळत नसे. म्हणून आम्ही दवंडीत ‘भजन’ म्हणायचो. भजनात मी भाषण करायचो आणि पोलीस पाटलाच्या समाधानासाठी टाळकरी मधून मधून टाळ वाजवायचे. पत्रकं सरहद्दीपलीकडे वाशीमला छापून कडब्याच्या गाडीत लपवून आणायची. औंढ्याला नागनाथापुढे मी बेलभंडारा उचलला होता, की दारूचा थेंब पोटात जाऊ देणार नाही. दारू कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नाही याचाच मला अभिमान होता.

हट्टा हे माझ्या आईचं गाव. ज्याच्याबद्दल लिहितोय तो माझा रक्ताचा मामा नव्हे, पण आईच्या गावचा म्हणून मामाच. मोठा जमीनदार, हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनात भागीदार, उतारवयाचा, पांढऱ्या मिशांचा. गाव त्याला मालक म्हणायचं आणि दोन गोष्टींसाठी मानायचं. एक म्हणजे त्याला कुणी कधी पिऊन पाहिलं नव्हतं. म्हणून तर मी त्याला अध्यक्ष करणार होतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं नाक.

नाकाचं सांगायचं तर आधी पेव सांगायला हवं. आमच्याकडे ज्वारी जमिनीच्या पोटात ठेवतात. गावाच्या पांढरीत, म्हणजे वस्तीच्या जमिनीत, रांजणासारखा खड्डा खणतात, तोंड लहान, पोट मोठं. आतून कडबा लावतात, वर दगड, दगडावर चिखल. आत ज्वारी वर्षानुवर्षं राहते. पेव उघडलं की आधी कंदील सोडतात. तो विझला तर कुणी उतरत नाही, आत श्वास कोंडतो. कंदील तगला तर पहिली ओंजळ वर येते आणि ती मालकाच्या नाकाखाली धरतात. खायची, जनावराला घालायची की उकिरड्यावर टाकायची, हे मालक हुंगून सांगणार. पेव कुणाचंही असो, नाक त्याचंच.

मी संध्याकाळच्या भजनाचं बोलायला गेलो त्या सकाळी मामा स्वतःचंच जुनं पेव उघडत होता. भोवती गडी आणि दहा-वीस गावकरी होते. कंदील तगला. गडी उतरला, ओंजळ वर आली. मामानं डोळे मिटले, ओंजळ नाकाशी नेली, लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “बराबर हाय. खायची.”

मी चांगला चार हात लांब उभा होतो. तिथवर भपकारा आला. कुजका, ओल्या घोंगडीसारखा. पावसाचं पाणी कुठून तरी पेवात झिरपलं होतं.

“मामा, सडलीय ही! म्हैस तोंड लावायची नाही!”

सगळे माझ्याकडे वळले. असे बघत राहिले की मला वाटलं, माझं धोतर सुटलंय. शेजारच्या एका म्हातारीनं माझी बाही ओढली आणि कानाशी फिसकारली, “गप की, भाचेबुवा! आमाला काय नाकं न्हाईत? मुदतीच्या तापातून उठल्यापासून मालकाला वासच येत न्हाई.”

“हे सगळ्यांना माहीत आहे?”

“व्हय.”

“मग सडकी ज्वारी खाता?”

“घरी नेऊन निवडतो. लईच वाईट निघाली तर ढोरापुढं टाकतो. त्यापायी माणसाचा मान घालवावा काय?”

माझा विश्वास बसेना. अख्खं गाव खोटं बोलत होतं! म्हातारे, बायका, गडी, सगळे. ज्याला वास येत नाही त्यानं हुंगल्यासारखं करायचं, ज्यांना येतो त्यांनी न आल्यासारखं करायचं, आणि याला म्हणायचं मान. गुत्तेदाराच्या खोटेपणावर मी इतकी पत्रकं लिहिली, पण असला प्रेमळ खोटेपणा मी पाहिला नव्हता. त्याचा जास्त राग आला.

मामा ओंजळीकडे बघत होता. म्हातारी कुजबुजली ते त्यानं ऐकलं असणार. शेवटी म्हणाला, “भाचा म्हणतो सडली. मंग सडली. काढा समदी, तळापर्यंत.” आणि लगेच दचकून, “थांबा. तळाचं ऱ्हाऊ द्या.”

पण दोन गडी उतरले होते. घमेली वर येऊ लागली. ज्वारी खाली खाली काळी होत गेली. आणि मग खालून आवाज आला, “मालक, पेटी लागली! पेटी!”

मग काय विचारता. धन निघालं, धन निघालं, म्हणून अर्धी आळी धावत आली. एका बाईनं घरातून हळदकुंकू आणलं. पेटी दोरीनं वर आली तशी तिच्यावर कुंकू पडलं, कुणी हात जोडले. मामा पुढे झाला, पण त्याच्या आधी गड्यानं पहारीनं फळी उचकटली.

आत गवतात आडव्या निजवलेल्या काळ्या बाटल्या होत्या. इंग्रजी चिठ्ठ्या, त्याही अर्ध्या गळालेल्या. माझं इंग्रजी मोडकं होतं, पण वाचायला पुरेसं होतं.

“दारू!” मी ओरडलो. “मामा, दारू! लक्ष्मीच्या पोटात! लोकांच्या तोंडच्या दाण्यात! आणि तुम्ही आज माझे अध्यक्ष!”

मी आणखी बरंच बोललो. आठवतं तेवढं चांगलंच बोललो. मामानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “झालं तुझं भजन? आता आत ये. ती पेटी घेऊन ये.”

ओसरीवर मामी होती. तिला पेटीचं माहीतच नव्हतं. तिनं आधी बाटल्यांवरचं कुंकू बघितलं, मग नवऱ्याकडे. “इतकी सालं मी पेवाला दिवा लावून राहिले,” ती म्हणाली, “अन् आत तुमचं ह्ये?”

“ह्ये माझं न्हाई,” मामा म्हणाला. “सांगतो. बस.” आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

लढाईच्या आधी हिंगोलीच्या जिनात नवं यंत्र बसवायला एक अमेरिकन फिटर आला होता. एक हंगाम राहिला. त्याच्या भावाचा तिकडे कॅलिफोर्नियात द्राक्षाचा जुना मळा. अमेरिकेत दारूबंदी झाली तेव्हा शेजाऱ्यांनी वेली उपटल्या, यांनी ठेवल्या. पुढे बंदी उठली.

“तुझ्या पत्रकात बंदी झाली येवढंच असतं,” मामा मला म्हणाला. “उठली ते न्हाई लिहीत तू.”

लिहीत नव्हतो, हे खरंच होतं.

“त्या मळ्यात बहुतेक एकच वाण, झिनफँडेल म्हणून. पण मधून मधून दुसऱ्याही वेली. एक रंगाला, एक तुरटपणाला. आपल्या कपाशीत चार-सहा वळींमागं तुरीचं पाटं असतं ना, तसं. समदं संगंच तोडायचं, संगंच तुडवायचं. मंग ठिवायचं. ताजी प्याली तर तोंड ओढून काढते म्हणे. दहा-बारा सालं ठिवली की नरमते. आपली चिंच कशी, जुनी झाली की काळी पडते अन् गोडावते. जाताना त्यानं ही पेटी देली. म्हणाला, अंधार पायजे, गारवा पायजे, अन् हलवायचं न्हाई. मंग पेवाबिगर कुठं ठिवू?”

“आणि प्यायचात कधी?”

“कधीच न्हाई. त्यानं एक उघडली व्हती, तेवढीच. हुंगायची कशी, तोंडात घोळवायची कशी, त्यानं शिकवलं. यंदा काढणार व्हतो. पण त्याच्या आधीच नाक गेलं. जीभबी गेली त्याच्या संगं. खारट, आंबट, कडू, येवढंच कळतं. आता पेवात पाणी गेलं म्हणतो तू. ही जिती हाय का मेली, मला कळायचं न्हाई. पिणाऱ्याला देली तर तो पाण्यावानी ढोसंल अन् म्हणंल, किक न्हाई मालक. न पिणारा लबाड बोलंल, मला बरं वाटावं म्हणून. तीन सालांत खरं बोलणारा तू येकटा भेटला, तोबी शिवी देल्यावानी बोलला. तर तूच चाख.”

“मी?” मी उभाच राहिलो. “मी बेलभंडारा उचललाय!”

“पिऊ नको. तोंडात घे अन् थुंक. फिटरबी थुंकायचा.”

हा मला दिवसातला सगळ्यात मोठा धक्का. दारू पिणारा माणूस दारू थुंकतो? इतकी वर्षं ठेवून, सात समुद्र ओलांडून आणून, थुंकायची? आमच्याकडे लोक बायकोची नथ विकून आणलेला थेंब भुईवर सांडला तर भुई चाटतात.

“हे बघ,” मामा म्हणाला. “गेली असंल तर येवढं सांग, की गेली. आज भजनात समद्या बाटल्या फोड. पहिली मी सवता फोडतो, मारुतीच्या पारावर. आन जिती असंल तर कशी हाय ते सांग. बस, दुसरं काय मागत न्हाई.”

अध्यक्ष स्वतःच्या हातानं बाटली फोडतो! असं पत्रक वसमतपासून औंढ्यापर्यंत पोचलं असतं. मी कबूल झालो.

लाकडी मुठीचा मळसूत्री खिळा फिटरनं पेटीतच ठेवलेला होता. बूच अर्धं तुटून निघालं. खाली गाळ असतो म्हणून हळू दुसऱ्या भांड्यात ओतायची, असं फिटरनं सांगितलेलं. मामा तांब्या शोधायला लागला. मामी रागातच होती, पण बाई स्वयंपाकघरातली. “आंबट हाय ना? मंग पितळेत नका ओतू, कळकंल,” ती म्हणाली आणि आतून चिनी मातीची बरणी आणून आदळली.

मामानं बाटली बाळाला आंघोळ घालावी तशी वाकडी धरली. धार पडली. गाळ मानेशी आला तिथे थांबला. बरणीतून चहाच्या काचेच्या ग्लासात थोडी आली. मी ग्लास नाकाशी नेला.

मोहरी आणि हिंग!

“लोणच्याचा वास येतोय,” मी म्हणालो.

“कशाचा?”

“लोणच्याचा. आंब्याच्या खाराचा.”

मामा खांबाला टेकला. मिशीवरून हात फिरवला, मग तुटकं बूच उचलून त्याकडे बघत राहिला. “गेली मंग,” तो म्हणाला. “बरं झालं. कळलं तरी. संध्याकाळी फोडू.”

माझं काम झालं होतं. मी उठायला लागलो, तेवढ्यात माझी नजर मामीकडे गेली. ती दारात उभी होती. तिनं बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

मला कळायला वेळ लागला नाही. बरणी लोणच्याची होती. धुतलेली असली म्हणून काय झालं, खार चिनी मातीला सोडतो होय? आणि मामाला ते कळायचा सवालच नव्हता. मी मुकाट्यानं बाटली उचलली आणि मानेशी नाक नेलं. तिथे लोणचं नव्हतं. दुसरंच काही होतं.

आता मी गप्प बसलो असतो तर काय झालं असतं? खोटंही बोललो नसतो. लोणच्याचा वास आला हे खरंच होतं. संध्याकाळी बाटल्या फुटल्या असत्या, मामीच्या घरातली पीडा गेली असती, प्रचाराला असा मोहरा मिळाला असता की गुत्तेदाराचे हातपाय गळाले असते. फक्त एक म्हातारा उरलेलं आयुष्य असं समजून काढणार होता, की आपण जपलं ते कधीच मेलं होतं. गावानं तीन वर्षं त्याला सांभाळायला खोटं चालवलं, त्यावर मी सकाळी केवढा तापलो होतो. आता माझ्या फायद्याचं खोटं समोर आयतं वाढलेलं होतं.

“मामा,” मी म्हणालो, “लोणचं बरणीचं आहे. बाटलीतला वास वेगळा आहे.”

“अगं बाई!” मामी कडाडली. “अगाऊ कुठलं! गप बसायचं शिकवलंच न्हाई वाटतं आईनं!”

“बरणी तूच आणली,” मामा तिला म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो सरळ बसला होता.

“मुद्दाम न्हाई आणली! पण मेली म्हणलं तर म्हणलं, जातील घरातून, असं वाटलं मला. काय चुकलं माझं?”

तिचं काही चुकलं नव्हतं. मामानं दुसरा ग्लास राखेनं घासायला लावला, ती बडबडत घासून घेऊन आली. या वेळी बाटलीतून सरळ ओतली.

“दाराशी धर. रंग सांग.”

“मधे काळपट लाल. पिकल्या जांभळासारखा. कडेला विटेचा रंग.”

“कडेला वीट?” मामा पुढे सरकला. “बराबर. जुनी झाली की कड अशीच व्हते म्हणला व्हता. हुंग.”

हुंगलं. इथे मी खरं तेच लिहितो, कुणाला पटो न पटो. मला मोहाच्या दारूची सवय होती, म्हणजे पिणाऱ्यांच्या तोंडाच्या वासाची. नाकात जाते आणि डोळ्यातून पाणी काढते ती. ही तशी नव्हती. आधी जुन्या लाकडी संदुकीचा वास आला, आत कपडे नसलेल्या. मग बोरकूट. उन्हात वाळलेली बोरं कुटल्यावर उखळातून येतो ना, आंबटगोड, थोडा धुळीचा, तो.

“बोरकूट,” मी म्हणालो, आणि माझ्याच तोंडून ते ऐकून मला धक्का बसला.

“तोंडात घे. लगी थुंकू नको. जिभंखाली जाऊ दे.”

घेतली. पहिल्यांदा आंबट, आंबाडीच्या भाजीइतकी. मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ गालाला चिकटते तशी चिकटली. मग, मला वाटलं होतं की संपलं, तेवढ्यात मागून मिरी आली. तिखट नाही, फक्त मिरी नुकती कुटल्यासारखी. आणि सगळ्याखाली काहीतरी गोडसर, जुन्या काळ्या गुळासारखं, पण गोड नाही. आता याला काय म्हणायचं? गोडासारखं आणि गोड नाही, असा शब्द आमच्या पत्रकांत कधी लागलाच नव्हता.

मी तस्तात थुंकलो. सगळी थुंकली गेली नाही, थोडी आत गेली. शपथ मोडली की नाही, ते नागनाथानं ठरवावं. मी माझ्यासाठी काही सबब सांगत नाही.

“जिती हाय?” मामानं विचारलं.

“आहे.”

“खरं सांग.”

“मामा, मी हिचा दुश्मन आहे. मी कशाला खोटं सांगू? जिवंत आहे. चांगली आहे.”

मामानं स्वतःसाठी एका ग्लासात ओतून घोट घेतला. थुंकला नाही. बराच वेळ तोंडात ठेवून गिळला. “आंबट,” तो म्हणाला. “अन् तुरट. दुसरं काईच न्हाई.” मग ग्लास ठेवून म्हणाला, “पुन्यांदा सांग. बोरकुटाच्या आधी काय व्हतं?”

मी पुन्हा सांगितलं. त्यानं आणखी विचारलं. संदूक कसली, सागाची की बाभळीची? मिरी आधी की गूळ आधी? आंधळ्यानं नातवाचा चेहरा बोटांनी चाचपावा तसा तो विचारत होता. दुपार टळली तसा ग्लासातला वास बदलला. बोरं मागं गेली आणि नव्या चामड्याचा वास पुढे आला, चांभाराच्या दुकानातला. मी तेही सांगितलं. मामी केव्हा येऊन जवळ बसली कळलं नाही. तिनंही एकदा ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “बोरकूट आमच्या म्हायेरचं चांगलं.”

पारावर टाळ वाजले. मी उठलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, “मामा, बाटल्या फुटणार नाहीत ते कळलं. पण आता तुम्हाला अध्यक्ष करता येणार नाही.”

“न्हाईच करायला पायजे,” तो म्हणाला. “खाली बसतो. लोकांत.”

भजनाला गाव लोटलं होतं. पेटीची बातमी गावाबाहेरच्या लमाणांच्या तांड्यावर आणि शेजारच्या दोन गावांत पोचली होती. मी बोलायला उभा राहिलो, गुत्तेदारावर दोन वाक्यं टाकली, तोच पुढच्या रांगेतला एकजण नाक वर करून म्हणाला, “भाचेबुवा, जरा इकडं फुंका बरं!”

हशा पिकला. माझ्या तोंडाला वास येत होता. दारूबंदीच्या प्रचारकाच्या! पोलीस पाटलानंही टाळकऱ्यांना हातानं थांबवलं.

“तो वास माझा हाय,” मागून मामाचा आवाज आला. तो उभा राहिला. “माझं नाक मेलंय. तीन सालं झाली. समद्याला ठावं हाय, मलाबी आज ठावं झालं की समद्याला ठावं हाय. म्हणून त्याचं तोंड वापरलं. दोष त्याचा न्हाई. अन् पुढं पेवापाशी मला बलावू नका.”

कुणीच हसलं नाही. सकाळची ती म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. मग तांड्याचा नाईक, पारापासून लांब उकिडवा बसलेला, त्यानं शांतपणे विचारलं, “कशी व्हती?”

मी म्हणालो, “चांगली होती.”

गलका उठला. मी हात वर केला. “चांगली होती! दहा सालं ठेवलेली. द्राक्षाची, दुसरं काही न घातलेली. तुम्हाला गुत्तेदार देतो ती एका रात्रीत नवसागर टाकून उकळतात.”

“म्हंजे चांगली सायबाला अन् विख आमाला?” नाईक म्हणाला.

“हो.”

“मंग ह्ये लिव्ह की! आजपातुर नुसतं दारू वाईट, दारू वाईट, काहून लिहून राहिला तू? आमाला काय म्हाईत न्हाई वाईट हाय ते?”

यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि टाळकऱ्यांना वाटलं आपली वेळ आली, त्यांनी टाळ धरले. माझ्या सोबत्यांनी मला पारावरून खाली ओढलं. पुढच्या आठवड्यात आमच्या प्रचार समितीनं ठरवलं, की वसमत तालुक्यात मी काही दिवस बोलू नये. बरोबरच केलं. नाईकानं सांगितलेलं मी लिहिलं ते त्यांनी छापलं नाही, ते मात्र चूक केलं, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

पण त्या संध्याकाळी लोक पांगल्यावर मामा पारापाशी थांबला होता. चालत आम्ही घराकडे निघालो. वेशीपाशी तो थबकला.

“अजून हाय काय तोंडात?”

मी जीभ टाळूला लावून बघितली. भाषण केलं होतं, पाणी प्यालो होतो, शिव्या खाल्ल्या होत्या. “आहे,” मी म्हणालो.

“काय?”

“भाजलेल्या चिंचोक्यासारखं. अगदी थोडं.”

“चिंचोका,” मामा म्हणाला, आणि तोंड मिटून चघळल्यासारखं करत माझ्या शेजारून चालू लागला.